थांबा – मराठी बोलण्यासाठी!

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीची गोष्ट. आमच्या इंदुरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने पालकांच्या नावे काढलेले एक पत्रक आमच्या हाती आले. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी पत्रके काढणारी ती एकटीच नाही. पत्रकातील मुख्य वाक्य असे होते : 'विथ अ व्ह्यू टु इम्प्रूव्ह द इंग्लिश ऑफ युवर वॉर्ड, यू आर रिक्वेस्टेड टु स्टॉप टु स्पीक मराठी ॲट होम.' पत्रक घेऊन आलेले गृहस्थ आमच्या मंडळाचे जुने सभासद. त्यांची नात सहावीत आहे. तिने निबंधात लिहिले होते, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट माय कझिन्स.' त्याखाली लाल रेघ मारून बाईंनी 'मदर टंग इन्फ्लुअन्स' असा शेरा दिला होता. त्या शेऱ्यानंतर आणि या पत्रकानंतर घरातील जेवणाच्या वेळची भाषा बदलली. सूनबाई मुलीशी इंग्रजीत बोलू लागल्या. आजीला इंग्रजी येत नाही. "ती ताटावर बसून नुसती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असते," एवढेच ते गृहस्थ म्हणाले.

या प्रकरणात दोष मराठीचा आहे, असे शाळेचे म्हणणे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. मुलीने केलेली चूक मराठीमुळे झालेली नाही. उलट मराठीचा आधार घेतला असता तर ती टळली असती. आणि मुलीने केलेली चूक शाळेने आपल्या पत्रकात एकदा नव्हे, दोनदा केली आहे. तेव्हा मराठी घराबाहेर काढण्याचा सल्ला देणाऱ्यांना इंग्रजी तरी कितपत येते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला पोहोचतो.

प्रथम पत्रक पाहू. 'स्टॉप स्पीकिंग' म्हणजे बोलणे थांबवणे. 'स्टॉप टु स्पीक' म्हणजे बोलण्यासाठी थांबणे. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' या वाक्यातील माणसाने विडी सोडली. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' या वाक्यातील माणूस विडी ओढायला वाटेत थांबला. मराठी मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. 'बोलणे थांबव' आणि 'बोलण्यासाठी थांब' यांत गोंधळ करणारे मराठी पोर आम्ही अद्याप पाहिलेले नाही. शाळेला म्हणायचे होते, 'घरी मराठी बोलणे थांबवा'. शाळेने लिहिले, 'घरी मराठी बोलण्यासाठी थांबा'. 'विथ अ व्ह्यू टु' नंतर 'इम्प्रूव्हिंग' हवे होते, तेथेही 'इम्प्रूव्ह' आले. इंग्रजी सुधारण्यासाठी काढलेल्या एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही एकाच जागी : इंग्रजी वैयाकरण ज्याला 'जेरंड' म्हणतात आणि आपण ज्याला धातुसाधित नाम म्हणतो, त्या जागी.

हा जेरंड म्हणजे काय? शब्द मूळचा लॅटिन. लॅटिन व्याकरणातून तो इंग्रजीने उसना घेतला आणि आपल्या 'इंग'वाल्या रूपावर चिकटवला. प्राचीन इंग्रजीत क्रियेचे नाम 'उंग' किंवा 'इंग' या प्रत्ययाने होत असे आणि क्रियेचे विशेषण 'एंडे' या वेगळ्या प्रत्ययाने. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन प्रत्यय एकमेकांत मिसळले आणि दोहोंच्या वाट्याला 'इंग' हे एकच रूप आले. इंग्रजी शिकणाऱ्याची अडचण येथे सुरू होते : एका रूपाकडे दोन कामे.

मराठीत ही कामे अजून वेगवेगळी आहेत. नामाचे काम 'णे' करतो. विशेषणाचे व चालू क्रियेचे काम 'त', 'ता', 'णारा' हे प्रत्यय करतात. 'शी इज सिंगिंग' म्हणजे 'ती गात आहे'. 'सिंगिंग इज हर लाइफ' म्हणजे 'गाणे हे तिचे जीवन आहे'. 'वॉकिंग स्टिक' ही चालण्याची काठी. ती स्वतः चालत नाही. 'वेटिंग रूम' ही वाट पाहण्याची खोली. 'वेटिंग पॅसेंजर' हा वाट पाहणारा प्रवासी. इंग्रजी व्याकरणाच्या वर्गात वापरून वापरून गुळगुळीत झालेले एक वाक्य आहे : 'व्हिझिटिंग रिलेटिव्ह्ज कॅन बी टायरसम.' याचे दोन अर्थ होतात, एवढे सांगून पुस्तके थांबतात. मराठी आजी एका श्वासात दोन्ही अर्थ वेगळे करील : नातेवाइकांकडे जाणे कंटाळवाणे, की येणारे नातेवाईक कंटाळवाणे? इंग्रजीत कोडे वाटते ते मराठीत कोडेच राहत नाही. आणि ज्या भाषेत ते उलगडलेले आहे, तीच भाषा वर्गाबाहेर ठेवा, असा या शिक्षणपद्धतीचा आग्रह आहे!

आता मुलीचे वाक्य घेऊ. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला विचारले, "भावंडांना पत्रात मराठीतून काय लिहिशील?" ती म्हणाली, "तुम्हाला भेटण्याची वाट बघतेय." मग विचारले, "सुट्टीबद्दल लिहायचे असेल तर?" "सुट्टीची वाट बघतेय." आम्ही म्हटले, "'सुट्टी' हे नाम; त्याला 'ची' लागला. 'भेटणे' याला 'ची' लागला, म्हणजे ते कोण?" "नाम," ती म्हणाली. "मग इंग्रजीत 'लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज' लिहितेस, तेथे 'हॉलिडेज'च्या जागी क्रियेचे नाम बसव." तिने 'मीटिंग' लिहिले. सारे मिळून दहा मिनिटे लागली. इंग्रजीत 'टु' दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, दुसरा नामाआधी येणारा शब्दयोगी. दुसऱ्याच्या पुढे क्रिया आली की तिला 'इंग' घेऊन नाम व्हावेच लागते. मूल अडखळते ते या दोन 'टु'ंच्या सारखेपणामुळे. ज्यांच्या कानावर मराठीचा शब्दही कधी पडलेला नाही, असे परदेशांतील विद्यार्थीसुद्धा नेमके येथेच अडखळतात. मग या चुकीवर 'मातृभाषेचा परिणाम' असा शेरा कोणत्या आधारावर मारला जातो?

याहून बोलके उदाहरण 'यूज्ड टु'चे. 'आय यूज्ड टु गेट अप अर्ली' आणि 'आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली' ही दोन वाक्ये पदवीधर माणसेही एकमेकांत मिसळतात. मराठीत पाहा : 'मी लवकर उठत असे' आणि 'मला लवकर उठण्याची सवय आहे'. एकात 'त', दुसऱ्यात 'ण्या'. तसेच 'आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर' म्हणजे 'पत्र टाकल्याचे मला आठवते', आणि 'आय रिमेंबर्ड टु पोस्ट द लेटर' म्हणजे 'पत्र टाकायचे माझ्या लक्षात राहिले'. झालेली क्रिया आणि व्हायची क्रिया, असा हा भेद. मराठी तो 'ल्याचे' आणि 'यचे' या दोन रूपांनी उघड दाखवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे काखेतला कळसा फेकून द्या असे पत्रक काढून सांगितले जाते.

कर्म आणि कर्ता यांचीही तीच कथा. 'रायटिंग लेटर्स' आणि 'द रायटिंग ऑफ लेटर्स' दोन्ही शुद्ध. पण आपल्या कचेऱ्यांतून 'द रायटिंग लेटर्स' असे धेडगुजरी रूप सर्रास दिसते. मराठीत 'पत्रे लिहिणे' आणि 'पत्रांचे लेखन' अशी दोन रूपे आहेत. 'लिहिणे' नाम झाले तरी क्रियापदाचा स्वभाव सोडत नाही, म्हणून आपले कर्म थेट घेते. 'लेखन' मात्र पुरते नाम आहे, म्हणून त्याला 'चे' लागते. 'पत्रे लेखन' असे आपण म्हणत नाही. मग 'द रायटिंग लेटर्स' तरी का लिहावे? कर्त्याचे पाहिले तर 'त्याचे उशिरा येणे मला आवडत नाही' या वाक्यात 'त्याचे' आपोआप येते. औपचारिक इंग्रजीतही 'हिज कमिंग लेट' हेच रूप पसंत केले जाते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी. आपली मुले केवळ मराठीच ऐकत नाहीत, आणि यात काही बिघडत नाही. उलट आधार वाढतो. हिंदीत 'उसका देर से आना', गुजरातीत 'एनुं मोडुं आववुं', कोकणीत 'ताचें येवप' – सगळीकडे कर्ता षष्ठीत. इंदूर-ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या, गोव्याच्या मुलाला घरातही आणि रस्त्यावरही तोच धडा मिळतो. कन्नड आणि तेलुगू यांची रीत वेगळी : कन्नडात 'अवनु बरुवुदु', तेलुगूत 'अतनु रावडं'; कर्ता प्रथमेतच राहतो, म्हणजे शब्दशः 'तो येणे'. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या मुलाजवळ दोन्ही रीती असतात. 'हिज कमिंग' आणि 'हिम कमिंग' असे इंग्रजीतच दोन प्रघात का आहेत, हे त्या मुलाला जितके सहज कळेल तितके एकच भाषा जाणणाऱ्याला कळणार नाही. ज्याला शाळा ओझे समजते, ती खरी पुंजी आहे.

येथे आपल्यातल्याच काही जुन्या जाणत्यांशीही आमचे भांडण आहे. आपल्या घरांतून 'रेन अँड मार्टिन' पूजेतल्या पोथीसारखे जपले गेले. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले. १९३५ साली प्रथम निघालेले ते व्याकरण अजून खपते. ते पाठ केलेली मंडळी कोणी 'हिम कमिंग' म्हटले की कपाळाला आठ्या घालतात आणि सभेत चारचौघांसमोर मुलांना टोकतात. त्यांनी जरा इतिहास पाहावा. हेन्री फाउलर यांनी षष्ठीवाचून येणाऱ्या अशा कर्त्याच्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असे नाव देऊन तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. १९२६ सालच्या त्यांच्या इंग्रजी प्रयोगांच्या कोशातही तो आहे. त्यांना उत्तर दिले ते ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने. नामांकित इंग्रजी लेखकांची उदाहरणे पुढे ठेवून त्यांनी दाखवले, की ही रचना इंग्रजीत जुनी आहे आणि पुष्कळ ठिकाणी षष्ठी बसतच नाही. आज जाणकारांचा कौल सर्वसाधारणपणे येस्पर्सन यांच्या बाजूने आहे : सर्वनाम किंवा व्यक्तिनाम असेल आणि लेखन औपचारिक असेल तर षष्ठी बरी, निर्जीव वस्तू किंवा लांबलचक कर्ता असेल तर साधे नाम चालते. 'द ट्रेन्स अरायव्हिंग लेट' असे षष्ठी घालून कोणी फारसे म्हणत नाही.

आणि गंमत अशी, की मराठीनेही हाच विवेक राखला आहे. 'त्याचे येणे' म्हणतो, पण 'पाऊस न पडणे' असेही म्हणतो. तेथे 'पावसाचे न पडणे' असा अट्टहास करीत नाही. 'त्याने येणे आवश्यक आहे' येथे तर कर्ता तृतीयेत जातो. आपल्या भाषेतील ही लवचीकता आपल्याला खटकत नाही, मग इंग्रजीतील तीच लवचीकता अशुद्ध का ठरावी? जेथे अर्थ बिघडतो तेथे कडक व्हावे. जेथे केवळ सवयीचा प्रश्न आहे तेथे मुलांना छळू नये.

अर्थ बिघडतो कोठे, तेही सांगतो. 'ऑन एंटरिंग द हॉल, द लॅम्प फेल डाउन.' सभागृहात शिरला कोण? व्याकरणाप्रमाणे दिवा. या वाक्याचे 'सभागृहात शिरून दिवा पडला' असे मराठी करा, वाचणारा हसेल. 'ऊन' प्रत्ययाच्या दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा, हा नियम आपल्या रक्तात आहे. पाणिनीने संस्कृतातील 'कृत्वा'सारख्या रूपांसाठी तो घालून दिला. महाराष्ट्री प्राकृतातील 'काऊण' या रूपातून आपला 'करून' आला आणि नियमही सोबत आला. दीड दोन हजार वर्षे ज्या भाषापरंपरेने एककर्तृकत्व सांभाळले, तिच्या वारसाला लोंबकळते वाक्य ओळखणे कठीण जाण्याचे कारण नाही. मात्र त्याला कोणीतरी सांगायला हवे, की इंग्रजी वाक्य 'ऊन' लावून तपासून पाहा.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमच्यात आणि त्या पत्रकात फरक तो काय? मराठी सर्वत्र तारून नेत नाही. 'हे लिहीत असताना वीज गेली' हे निर्दोष मराठी आहे. कारण 'असताना'ला वेगळा कर्ता चालतो. पण 'व्हाइल रायटिंग धिस, द लाइट्स वेंट आउट' असे लिहिले तर औपचारिक इंग्रजीत वीजच लेखिका ठरते. येथे मराठी चकवते, हे मान्य. 'मला वाचायला आवडते' यावरून 'आय एन्जॉय टु रीड' असे लिहिले जाते. तेथेही 'यला' फसवतो. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश', 'डिनाय' यांच्यापुढे 'इंग'च येते, हे पाठच करावे लागते. 'जाण्याची परवानगी' यात 'ण्या' आहे, पण इंग्रजीत 'परमिशन टु गो'. तेव्हा 'ण्या' दिसला की डोळे मिटून 'इंग' लावावे, असेही नाही. पण या चकव्यांवर उपाय कोणता? वाटेत खड्डा कोठे आहे हे सांगायचे, की मुलाचे डोळे बांधायचे? मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय खड्डा दिसतच नाही. मराठीला बंदी केली म्हणून मुलाच्या डोक्यातील मराठी जात नाही. ती तेथेच राहते, फक्त तिच्यावर उजेड पडत नाही.

काही नवशिक्षित आम्हाला सांगतात, की जेरंड ही कल्पनाच आता कालबाह्य झाली. हडल्स्टन आणि पुलम यांनी २००२ साली केंब्रिजच्या बृहद्‌व्याकरणात जेरंड व पार्टिसिपल हा भेद मोडून दोन्हींना एकच नाव दिले, हे खरे आहे. पण त्यांनी पाटी बदलली, वस्तू नाही. 'स्टॉप स्पीकिंग' आणि 'स्टॉप टु स्पीक' यांतला फरक त्या व्याकरणातही आहे तसाच आहे. नावाची अडचण आपल्याकडेही आहेच : युरोपीय पंडितांनी इंग्रजीत लिहिलेल्या संस्कृत व्याकरणांत 'जेरंड' हे नाव 'कृत्वा' या रूपाला दिलेले आढळते, आणि कॉलेजात संस्कृत शिकलेल्या आपल्या पिढीचा त्याने पुष्कळ गोंधळ झाला. नावे बदलोत, रचना कळली पाहिजे.

दुसरे म्हणतात, व्याकरण हवेच कशाला? ऐकून ऐकून भाषा येते. येते ना, ज्या घरात दिवसभर शुद्ध इंग्रजी कानावर पडते तेथे येते. पण ज्या घरातील इंग्रजी त्या पत्रकाच्या तोडीचे आहे, त्या घरात मूल काय ऐकणार? आईने मोडके इंग्रजी बोलायचे, मुलाने ते उचलायचे आणि बदल्यात दोघांनी आपली धड मराठी गमवायची, हा कुठला व्यापार? आमचा विरोध इंग्रजीला नाही. इंग्रजी उत्तम आले पाहिजे, आपल्या मुलांना जगात ताठ मानेने उभे राहता आले पाहिजे, ही आमचीही इच्छा आहे. पण उत्तम इंग्रजी आणि मोडकी मराठी ही जोडी आम्ही फार क्वचित पाहिली. एका भाषेत वाक्य सांभाळता येणारा माणूस दुसरीतही ते सांभाळायला लवकर शिकतो, असाच आमचा अनुभव आहे.

आपल्या पूर्वजांनी इंग्रजी कशी मिळवली ते आठवावे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. इंग्रजी शिकलेल्या माणसाने इंग्रजीच्या आरशात आपली भाषा पाहिली. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. त्यातही इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही व्याकरणांशी झुंज आहे. आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तर आपल्या कित्येक घरांत माळ्यावर अजूनही सापडेल. मराठी वाक्य, त्याखाली इंग्रजी वाक्य. मग इंग्रजीवरून मराठी, मग मराठीवरून इंग्रजी. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या संस्थानांतून कारकून, वकील, शिक्षक म्हणून ज्यांनी संसार केले, त्यांतल्या अनेकांचा इंग्रजीचा पाया असाच घातला गेला. त्या पद्धतीत उणिवा होत्या. बोलण्याचा सराव नव्हता, घोकंपट्टी फार होती, आणि आजोबांचे लेखी इंग्रजी खणखणीत असले तरी साहेबासमोर तोंड उघडताना ते गांगरत. ती पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या पद्धतीने एक गोष्ट कधी सांगितली नाही : इंग्रजी यावी म्हणून आईशी मराठीत बोलू नकोस.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, जेथे शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांतून मराठी माध्यम पुन्हा उभे राहील, अशी भाबडी आशा आम्ही बाळगत नाही. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना आपण पाहिले आहे, आणि ते रिकामे करण्यात आपलाही हात होता, हेही कबूल केले पाहिजे. पण माध्यम गेले म्हणून घरही द्यायचे काय?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शाळांनी इंग्रजी व्याकरणाच्या तासाला मुलांच्या घरच्या भाषेतील वाक्य फळ्यावर लिहू द्यावे. त्याला खर्च लागत नाही. 'मदर टंग इन्फ्लुअन्स' हा शेरा मारण्यापूर्वी, त्या मातृभाषेत ती रचना कशी होते हे शिक्षकाने एकदा मुलालाच विचारावे. आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धा घेऊन समाधान मानण्याऐवजी रविवारचा एक तास भाषांतरासाठी राखावा : इंग्रजी वर्तमानपत्रातील चार वाक्ये, त्यांची मराठी, आणि मराठीवरून पुन्हा इंग्रजी. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, संस्कृतच्या जाणकार आजी, सारे आपल्यातच आहेत. आणि पालकांनी, विशेषतः तरुण मातापित्यांनी, शाळेने पत्रक काढले म्हणून आजीला ताटावर परके करू नये.

त्या गृहस्थांना आम्ही शाळेसाठी उत्तर लिहून दिले. त्यात पत्रकातील दोन चुका नम्रपणे दाखवल्या आणि शुद्ध वाक्यही लिहून पाठवले. पत्राची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. पण सूनबाईंनी ते पत्र वाचले. आता रात्रीच्या जेवणाला त्या घरात मराठी पुन्हा सुरू झाली आहे, आणि नात आजीला रोज एक इंग्रजी वाक्य मराठीत करून दाखवते. शाळेने विचारलेच, तर गृहस्थांचे उत्तर तयार आहे : आपल्या पत्रकातील सूचनेचे आम्ही व्याकरणशुद्ध पालन करीत आहोत. दिवसभराची कामे संपली की घरी आम्ही सारे थांबतो – मराठी बोलण्यासाठी.